पुढचा हात

दिवाळीच्या आधीची साफसफाई चालली होती आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एकामागून एक कुर्ते निघत गेले, मोजले तर चौदा. सगळे माझेच. एकाला तर टॅग तसाच लटकत होता, तो कधी मागवला, कुठल्या सेलमध्ये मागवला, काही केल्या आठवेना. म्हटलं चला, बोहारणीला देऊन टाकू, तेवढाच एखादा टोप येईल घरात आणि कपाटही मोकळं होईल.

आमच्या भांडुप पूर्वेच्या सोसायटीत बोहारीण अजून येते. वॉचमन वर सोडत नाही म्हणून ती गेटपाशी बदामाच्या झाडाखाली गाठोडं सोडून बसते आणि बायका खाली उतरतात. तिची कपडा बघायची एक पद्धत आहे. आधी उजेडाकडे धरते, कुठे विरला असेल तर लगेच दिसतं. मग दोन्ही चिमटीत धरून हलका झटका देते, मग उलटा करून शिवण बघते, आणि शेवटी अंगठ्याने पोत चोळून बघते, आपण तांदूळ घेताना बघतो ना तसं. नवऱ्याच्या दोन पँट, लेकीची जीन्स, सासूबाईंच्या दोन सुती साड्या तिने मिनिटभरात बाजूला ठेवल्या. माझ्या कुर्त्यांपाशी आल्यावर मात्र हात थांबला. पाच घेतले, तेही नाखुशीनेच. नऊ परत माझ्याकडे सरकवले.

"अगं नवेच आहेत की, दोनदा पण घातले नसतील," मी म्हटलं.

"नवीन हाय पन कामाचं नाय ताई. गोळे आलेत बग. पुढं कोन घेनार याला? गॅरेजवाला पन फाडून घेत नाय. पानी पकडत नाय, तेल पकडत नाय. पुसायला पन नाय चालत."

नऊ कुर्ते घेऊन लिफ्टने वर आले आणि सोफ्यावर बसून राहिले. पुसायला पण चालत नाही. एखाद्या कपड्याबद्दल याहून वाईट काही बोलता येईल असं मला वाटत नाही. मी प्रत्येकी चारशे-पाचशे रुपये मोजून जे घरात आणलं होतं ते माझ्या अंगावरून उतरलं की या जगात कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं, आणि हे मला एक बाई सांगत होती जिचा आख्खा धंदाच जुन्या कपड्याला पुढचा गिऱ्हाईक शोधण्याचा आहे. पहाटेच्या बाजारात तिच्याकडून घेणारा कोण आहे, तो धुऊन-रफू करून कुणाला विकणार, अगदीच गेलं तर चिंधीवाला किती देणार, हे सगळं तिच्या डोक्यात कपडा हातात धरल्या धरल्या चालू असतं. तिला पुढचा हात दिसतो. आणि या नऊ कुर्त्यांना पुढे हातच नव्हता.

हा पुढचा हात आमच्या घरात एके काळी सगळ्यांना दिसायचा, म्हणून मला ते इतकं लागलं असावं.

लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली आणि माणसं आठ. आजीचं लुगडं आधी लग्नकार्याला, मग रोजच्याला. मधे विरायला लागलं की ते आडवं फाडून विरलेला भाग काढून टाकायचा आणि चांगले दोन तुकडे जोडून दांड भरायचा, की झालं अजून वर्ष-दीड वर्षाचं काम. दांडाचं लुगडं म्हणजे कमीपणा असं कुणाला वाटायचं नाही कारण गॅलरीतल्या निम्म्या दोऱ्यांवर तेच वाळत असायचं. त्याच्यापुढे मऊ झालेला कपडा बाळंतिणीच्या घरी दुपट्यांसाठी जायचा. दुपट्यांचं काम संपलं की वाकळ. वाकळ फाटली की पायपुसणं, पायपुसणं गेलं की लादीचं फडकं, आणि फडक्याच्या शेवटच्या चिंध्या स्टोव्हच्या काकड्याला. म्हणजे लुगडं संपायचं ते खरोखरच धूर होऊन संपायचं. टाकलं असं कधी झालंच नाही, टाकायची वेळच यायची नाही.

वाकळ शिवायचं काम मे महिन्यात, गॅलरीत. आमचं मूळ गाव पाटणकडचं म्हणून आम्ही वाकळ म्हणतो, तुम्ही गोधडी म्हणा. खाली जाड जुनं धोतर किंवा चादर पसरायची, त्यावर थर, वर चांगले दिसतील असे तुकडे, आणि मग चार बायका चार कडांना बसायच्या. बाहेरच्या कडेने टाका धरायचा आणि चौकोनाच्या आत चौकोन करत मधे मधे यायचं. दोरा विकत आणायचा नाही, लुगड्याच्या काठातून ओढून काढायचा. माझं काम सुईत दोरा ओवायचं, कारण माझे डोळे चांगले. आजी शिवताना बोटाने दाखवायची, हा तुझ्या बापाचा शाळेचा शर्ट, हा मंगलमावशीच्या साखरपुड्याचा परकर, ही माझी पहिली कामाला नेसायची साडी. ती वाकळ पांघरून झोपलं की अंगावर सगळे नातेवाईक असल्यासारखं वाटायचं, जडही तशीच असायची.

आता इथे मला एक खरं सांगितलं पाहिजे, कारण हल्ली अशा आठवणी फार गोड करून सांगतात आणि मग वाचणाऱ्याला वाटतं काय तो सोन्याचा काळ. नव्हता. आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायला होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांचा, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. मी तेव्हा दोन वर्षांची. आजोबा परत कधी कामावर गेले नाहीत. आजीने डबे करून दिले, गणपतीच्या आधी कंठ्या ओवल्या, आणि दांड भरून लुगडी नेसली, कारण दुसरं लुगडं नव्हतं. तिची काटकसर ही काही तिची निवड नव्हती. माझ्या वडिलांना पहिला बोनस मिळाला तेव्हा त्यांनी तिला नवी कोरी सोलापुरी चादर आणली, ती तिने तीन दिवस कुणाला पांघरूच दिली नाही, नुसता वास घेत होती नव्या कापडाचा. पितळेच्या जड बादलीच्या जागी प्लॅस्टिकची आली तेव्हाही ती खुश झाली होती, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवणाऱ्या बाईला हलक्या बादलीची किंमत आपण काय सांगणार. त्यामुळे आजीसारखं जगा असं मी कुणाला म्हणणार नाही. तिलाच ते आवडलं नसतं.

पण झालं काय, की चार पैसे आल्यावर आम्ही गरिबी टाकली आणि तिच्यासोबत ते शहाणपणही गठ्ठ्यात बांधून टाकून दिलं. दुरुस्त केलेली वस्तू म्हणजे लाज. जुनं वापरणं म्हणजे परवडत नाही. आईने माझ्या लग्नात बजावून सांगितलं होतं, सासरी जाताना वाकळ नेऊ नकोस, लोक काय म्हणतील. आणि मी नेली नाही. ती आता कुठे आहे कुणालाच माहीत नाही, हे मला आजही सलतं.

लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात आता मॉल आहे, चिमणी अजून उभी आहे. लेकीला घेऊन मी तिथे खूपदा गेलेय, गेले नाही असं खोटं कशाला सांगू. एकदा तिथल्या एका दुकानात दर आठवड्याला नवा माल येतो असं सेल्समन मोठ्या कौतुकाने सांगत होता आणि मला अचानक आजोबा आठवले. ज्या गिरणगावात कापड विणलं जायचं, जिथल्या माणसाला एका वारामागे किती हात लागतात हे ठाऊक होतं, त्याच जमिनीवर आम्ही उभं राहून चारशे नव्व्याण्णवचा टॉप आवडला नाही तर राहू दे म्हणून घेतोय. कापड स्वस्त झालं ते कुणाच्या तरी मजुरीतून आणि कुठल्या तरी पाण्यातून झालं. एका सुती टी-शर्टमागे कापूस पिकवण्यापासून धरलं तर २७०० लिटरच्या आसपास पाणी लागतं असा हिशेब मांडतात, आणि आपल्या राज्यात कापूस पिकवणारा विदर्भातला शेतकरी कशा हालात आहे ते वेगळं सांगायला नको. पॉलिस्टरला शेत लागत नाही, पण ते येतं खनिज तेलातून, म्हणजे नात्याने ते प्लॅस्टिकच, प्रत्येक धुण्याला त्याचे बारीक तंतू सुटून गटारात आणि पुढे समुद्रात जातात. म्हणून सुती घ्या की पॉलिस्टर नको या वादात मला फारसा अर्थ दिसत नाही. जे घेतलं ते किती वर्षं अंगावर राहिलं एवढंच शेवटी मोजावं.

टाकलेलं कुठे जातं ते आम्हाला भांडुपमध्ये नाकाने कळतं. कांजूरचं डम्पिंग ग्राउंड इथून जवळ, खाडीच्या बाजूला. वारा फिरला की रात्री वास येतो, आंबूस, गोडसर, घशाला चिकटणारा, उकाडा असला तरी खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मुंबईचा रोजचा कचरा सहा हजार टनांच्या वर आहे आणि त्यातला बहुतेक आता इथेच येतो. मुलुंडचं डम्पिंग २०१८ मध्ये बंद झालं, देवनारचं तर १९२७ पासून आहे, म्हणजे माझी आजी जन्मायच्या आधीपासून, आणि २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला होता. गोवंडी-मानखुर्दची लोकं तो धूर श्वासात घेऊन कामाला जात होती, पोरं शाळेत जात होती. आपण कचरा बाहेर टाकला असं म्हणतो ना, तर हे बाहेर कुणाचं तरी घर असतं. पूर्वी मला हे पुस्तकी वाक्य वाटायचं. आता रात्री दोन वाजता खिडकी लावायला उठते तेव्हा वाटत नाही, कारण त्या वासात माझ्या घरचंही काहीतरी आहे.

२६ जुलै २००५ ला मी पंचवीस वर्षांची होते, कुर्ल्याला ऑफिसातून निघाले आणि पाण्यात अडकले. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, इतका पाऊस कुठल्याच गटारात मावला नसता हे खरं, पण दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर गटारांच्या जाळ्यांना, रेल्वेच्या कुंपणांना, झाडांच्या फांद्यांना माणसाच्या उंचीपर्यंत पातळ पिशव्या लटकलेल्या मी बघितल्या आहेत. सगळं शहर पिशव्यांनी बांधल्यासारखं दिसत होतं. त्यानंतर नियम झाले. मोठी बंदी आली २०१८ ला, गुढीपाडव्याच्या सुमाराला अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून कारवाई, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड. तेव्हा महिनाभर जो तो कापडी पिशवी घेऊन निघत होता, मासे घ्यायला डबा नेत होता, आणि कुणाचं काहीही अडलं नाही. मग हळूहळू कोथिंबिरीच्या जुडीबरोबर ती पिशवी परत आली. एकट्या माणसाने काय होणार असं मला कुणी विचारलं की मी त्या महिन्याची आठवण करून देते. कायदा, दंड, कंपन्यांवर दबाव, हे सगळं पाहिजेच, मोठी घाण मोठे लोकच करतात यात शंका नाही, पण आपल्याला जमत नाही हे मात्र खोटं आहे, आपण ते करून दाखवलेलं आहे.

तर त्या नऊ कुर्त्यांनंतर घरात मी एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली. घ्यायच्या आधी. हे आपलं झाल्यावर कोण घेईल? उत्तर आलं तर घ्यायचं, नाही आलं तर आठ दिवस थांबायचं. ऑनलाइन कार्टमध्ये टाकून ठेवायचं पण पैसे भरायचे नाहीत. लेक आधी वैतागली, नवरा म्हणाला आता हे नवीन काय काढलंस, पण आठ दिवसांनी उघडून बघितलं तर त्यातल्या बहुतेक वस्तूंची आठवणसुद्धा राहिलेली नसते, हे त्या दोघांनाही दिसायला लागलं. दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या सामानाचं तर मी पूर्ण बंद केलं. दहा मिनिटांत लागेल असं आपल्या घरात औषध सोडलं तर काय असतं? शेजारच्या काकूंकडे वाटीभर साखर मागायची सवय गेली आणि तिच्या जागी एक पोरगा पावसात बाइक दामटत येतो. मी परत वाटी घेऊन जायला लागले. पहिल्यांदा बेल वाजवताना संकोच वाटला, मग काकूच दोन दिवसांनी दही लावायला विरजण मागायला आल्या.

मिक्सरचं सांगायलाच हवं. लग्नातला मिक्सर, वीस वर्षांचा. एका सकाळी चटणी वाटताना नुसता घरघर आवाज, पातं फिरेना. शोरूमवाल्याने न उघडताच सांगितलं, मॅडम, हे मॉडेल बंद झालं, पार्ट मिळत नाही, एक्स्चेंजमध्ये पाचशे कमी करून देतो. मी जवळजवळ हो म्हणणार होते. पण भांडे उलटं करून बघितलं तर खालचा, मोटरला जोडणारा काळा रबराचा कपलर दाते झिजून गुळगुळीत झालेला, एवढं मलाही कळत होतं. स्टेशनजवळ एका गल्लीत एक काका बसतात, दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, मागच्या भिंतीवर खिळ्यांना शंभर-दोनशे कपलर, वॉशर, पाती, बेल्ट माळेसारखे ओवलेले. त्यांनी मिक्सर हातात घेतला, उलटा केला, पक्कडीने जुना कपलर धरून फिरवला, तो निघाला. भिंतीकडे न बघताच मागे हात घालून एक काढला, बसवला, फिरवला. मग म्हणाले थांबा, आता आलायत तर कार्बन पण बघू, आणि खालचा स्क्रू खोलून बोटाच्या नखाएवढे झिजलेले दोन कार्बन माझ्या तळहातावर ठेवले, हे बघा ताई, अजून महिनाभराने मोटर गेली असती. सगळे मिळून १६० रुपये. वीस मिनिटं. मी विचारलं, काका, तुमच्यानंतर कोण बसणार इथे? म्हणाले, मुलगा डिलिव्हरीला जातो, त्याला यात पैसा दिसत नाही.

मला वाटतं वस्तू कमी घ्या असं म्हणताना आपण या काकांना विसरतो. छत्रीच्या काड्या बदलणारा, स्टेशनबाहेरचा चांभार, चेन बसवणारा, रफूवाला, गादी पिंजणारा, रद्दी-भंगारवाला, बोहारीण. धारावीत तेरा कंपाउंड नावाच्या भागात प्लॅस्टिक रंगाप्रमाणे, जातीप्रमाणे वेगळं करणारे हजारो हात. शहराचं खरं पर्यावरण खातं हे आहे, आणि ते चालतं आपल्या दुरुस्तीच्या दहा-वीस-शंभर रुपयांवर. आपण जायचं बंद केलं की दुकान मिटतं, दुकान मिटलं की पुढच्या वेळी दुरुस्त करायची इच्छा असली तरी माणूस नाही. म्हणून मी आता दुरुस्तीला घासाघीस करत नाही. आपण नव्या वस्तूची छापील किंमत निमूट देतो आणि चांभाराशी दहा रुपयांसाठी वाद घालतो, हे मला फार चुकीचं वाटतं.

डबेवाल्यांचंही तेच. १८९० पासून या शहरात जेवणाचा डबा घरून निघतो, ऑफिसात पोचतो आणि रिकामा होऊन त्याच घरी परत येतो. झाकणावरच्या खुणा बघून तो हातोहात बदलत जातो, कचरा शून्य. आणि आमच्या ऑफिसात एका माणसाचं ऑनलाइन जेवण आलं तर टेबलावर सहा प्लॅस्टिकच्या डब्या, चमचा, सॉसच्या चार पुड्या. पुड्यांचं आणि वेफर्सच्या पाकिटांचं तर भंगारवालासुद्धा काही करू शकत नाही, प्लॅस्टिक आणि चकचकीत थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की वेगळे करता येत नाहीत. मी डबा नेते. आता आमच्या टेबलावर पाच जणी नेतात, आणि दुपारी वाटून खाण्यात जी मजा आहे ती वेगळीच.

ओल्या कचऱ्याचं घरच्या घरी करते, ग्रिलमध्ये भोकं पाडलेल्या दोन बादल्या, एक भरत असते तेव्हा दुसरी मुरत असते. सुक्या पानांचा थर, कचरा, परत पानं, मधे कधी आंबट ताक शिंपडायचं. पहिल्या महिन्यात अळ्या झाल्या आणि सासूबाई स्वयंपाकघरात यायला तयार नव्हत्या, मग कळलं की आपण पानं कमी घालत होतो, ओल जास्त होत होती. मोठ्या सोसायट्यांनी, म्हणजे २० हजार चौरस मीटरच्या वर किंवा रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांनी, ओला कचरा आवारातच जिरवावा असा नियम २०१७ पासून आहे. आमची सोसायटी तेवढी मोठी नाही, पण वास कांजूरहून घरात येतो तो काही सोसायटीचा आकार विचारून येत नाही.

पाणीही. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, या सात तलावांचं पाणी आपण पितो, आणि भातसा-तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धरण त्यांच्या दारात आणि हंडा त्यांच्या डोक्यावर. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले, नात्यातल्या एका लग्नाला गेले होते, तेव्हापासून शॉवर सोडला, बादलीने आंघोळ. आरओ फिल्टरमधून एक लिटर पाणी निघताना दोन-तीन लिटर वाया जातं, त्याची नळी बादलीत सोडली, लादी त्याच पाण्याने पुसली जाते.

एका गोष्टीपासून मात्र मी स्वतःला मुद्दाम लांब ठेवते, ते म्हणजे पर्यावरणाच्या नावाने होणारी खरेदी. बांबूचा ब्रश, लाकडी कंगवा, काचेच्या बरण्यांचा सुंदर सेट, वाईट काहीच नाही त्यात, पण घरातले वीस वर्षांचे धडधाकट प्लॅस्टिकचे डबे टाकून काचेच्या बरण्या आणायच्या म्हणजे परत तेच झालं. आमच्या डाळी अजून त्या जुन्या आइसक्रीमच्या डब्यांतच आहेत. लेबलं निघून गेलीत, झाकणं पिवळी पडलीत. राहू देत.

आणि ते नऊ कुर्ते. दिवाळी गेली, ते एका पिशवीत दाराच्या मागे लटकत होते, टाकवतही नव्हते आणि घालवतही नव्हते. डिसेंबरात संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलणं निघालं. दर वर्षी आम्ही तिघी-चौघी क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला जाऊन डझनावारी वाण आणायचो, प्लॅस्टिकची गाळणी, सोपकेस, कुंकवाच्या डब्या, आणि तशाच पन्नास वस्तू दुसऱ्यांकडून आपल्या घरी यायच्या आणि वर्षभर माळ्यावर पडून राहायच्या. वाण लुटायचं म्हणजे घरातलं चांगलं दुसऱ्याच्या ओटीत घालायचं, ऊस, बोरं, हरभरा, तीळ, त्याचं हे काय होऊन बसलं होतं. तेव्हा एकदम डोक्यात आलं की हे कुर्ते पॉलिस्टरचे, पॉलिस्टर पाणी धरत नाही, म्हणजे ओली भाजी घातली तरी लवकर वाळेल, आणि फाटत तर नाहीच. गल्लीतल्या शिंप्याकडे नऊ कुर्ते नेले. त्याने घेर मोजला, बाह्यांचे बंद होतील म्हणाला, एका कुर्त्यात दोन पिशव्या, शिलाई पिशवीमागे तीस रुपये. गळ्याची नक्षी मी काढू नको म्हटलं, तशीच पुढच्या बाजूला ठेव. सतरा झाल्या, एक कापताना बिघडली. प्रत्येकीत मूठभर तीळ आणि गूळ घालून वाण दिलं. काही जणींना आवडलं, एक-दोघी काही बोलल्या नाहीत, त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की जुन्या कपड्याचं वाण त्यांना पटलेलं नाही. मला वाईट वाटलं. पण आजीची ती वाकळ मी नेली नव्हती, त्या दिवशी मी कुणाच्या चेहऱ्याला घाबरले होते ते मला आठवत होतं, म्हणून वाण बदललं नाही.

परवा जुलैत, पाऊस थोडा थांबला म्हणून स्टेशनच्या बाजारात गेले होते. टाकळा, शेवळं, कंटोळी घेऊन आदिवासी बायका बसल्या होत्या, त्यांच्यापुढे एक बाई वाकून कंटोळी निवडत होती. तिच्या खांद्याला हिरवी पिशवी, पुढे गळ्याची आरशांची नक्षी. माझा तो टॅगवाला कुर्ता. बाई माझ्या ओळखीची नव्हती, आमच्या हळदीकुंकवाला ती आलीच नव्हती, म्हणजे पिशवी कुणाकडून तरी तिच्याकडे गेली होती. मी कोथिंबीर घ्यायच्या निमित्ताने जरा जवळ जाऊन उभी राहिले. पिशवीचा एक बंद तुटलेला होता आणि कुणीतरी तो काळ्या दोऱ्याने, बारीक घट्ट टाके घालून, परत शिवलेला होता.